आतल्या दालनापर्यंत कुंकवाच्या खुणा

माणसं गोळा करणं हा माझा धंदा नाही, पण स्वभाव आहे. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आले तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत मोदक कोणी वळायचे, सतरंज्या कोणी घालायच्या आणि कोणाला काम न देता नुसता मान द्यायचा, हे ठरवणं आपोआप माझ्याकडे आलं. हौशे, नवशे, गवशे मला लांबून ओळखू येतात. म्हणून माझ्या मैत्रिणीने गुहेचं काम काढलं तेव्हा ती सगळ्यांत आधी माझ्याकडे आली. वटवाघळांमधलं मला काही कळतं म्हणून नव्हे. मला त्यांची किळस यायची आणि तिला ते चांगलं माहीत होतं.

ती सरोजिनी नगरला राहायची आणि एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. फरिदाबाद आणि गुडगावच्या मधे अरवलीची जी बुटकी, काटेरी टेकाडं अजून उरली आहेत, त्यातल्या एकाच्या पोटात एक गुहा आहे. तोंड एवढंसं, मग अंग चोरून जावं लागणारी बोळ, आणि शेवटी एक उंच दालन. त्या दालनात दर उन्हाळ्यात वटवाघळांच्या माद्या जमायच्या आणि पिल्लं द्यायच्या. पिल्लं छताला चिकटून राहायची, आया रात्री चरून परत यायच्या. माणसांचा वावर झाला, दिवे लागले, धूर झाला, की आया ते छत सोडून देतात आणि ज्यांना उडता येत नाही ती पिल्लं तिथेच खाली पडून मरतात. हे तिने मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मलाही ते पाठ झालं होतं. ती अनेक वर्षं एकटी तिथे जात होती. आता फार्महाऊसच्या भिंती टेकडीच्या पायथ्याशी आल्या होत्या. आतलं दालन माणसांसाठी बंद व्हावं, तोंडाशी वटवाघळांना जाता येईल अशी आडव्या गजांची जाळी बसावी, एवढंच तिला हवं होतं. वनखात्यातल्या एका साहेबांनी तिला सांगितलं, ‘‘मॅडम, नक्शा लाइए. गुफा कहाँ से कहाँ तक जाती है, कागज पर दिखाइए, फिर देखते हैं.’’

नकाशा काढायचा तर माणसं हवीत. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये आम्ही पहिली बैठक घेतली. तिथे साबुदाणा वडा बरा मिळतो, त्यामुळे माणसं येतात. कँटोनमेंटमधून चार-पाच जवानांच्या बायका आल्या. त्या सगळ्यांत काटक निघाल्या. कॉलेजची काही मुलं-मुली आली, मंत्रालयांत नोकरी करणारे दोघे-तिघे आले, आणि आले सुभेदारकाका. काका साताऱ्याकडचे, फौजेत मोजणीचं काम केलेले, निवृत्त होऊन पालमच्या बाजूला घर बांधून राहिलेले. त्यांना मोजणी यायची आणि ती आपल्याला येते हे दुसऱ्याला विसरू न देणंही यायचं. मी त्यांना सगळ्या तुकड्यांचं प्रमुख केलं. असल्या माणसाला पद दिलं नाही तर तो काम बिघडवतो.

तालीम सरोजिनी नगरच्या क्वार्टरांमागच्या बागेत झाली. तिघातिघांची तुकडी: एकाने फीत धरायची, एकाने होकायंत्र वाचायचं, एकाने लिहायचं आणि आकृती काढायची. आम्ही फीत पसरली आणि पाच मिनिटांत खिडक्या उघडल्या. त्या भागात जुने क्वार्टर पाडून टॉवर उभे राहत होते, त्यामुळे फीत दिसली की लोक धास्तावतात. एक बाई चप्पल न घालता खाली आल्या. ‘‘भैया, हमारा ब्लॉक भी तोड़ रहे हो क्या? नोटिस तो आया ही नहीं!’’ त्यांची समजूत घालता घालता काकांची पुरेवाट झाली. आम्ही पोट धरून हसलो. त्या दिवसांत आम्ही फार हसायचो.

मैत्रिणीचे नियम मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. पावसाळा संपल्यावर, पिल्लं मोठी होऊन उडायला लागल्यावर आणि थंडी पडायच्या आधी, एवढ्याच दिवसांत आत जायचं. एका वेळी एकच तुकडी. पांढरा दिवा नाही, लाल. अत्तर-पावडर नाही, बोलणं नाही. बूट आधी धुवायचे आणि नंतरही धुवायचे. फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, जागा कुठे आहे ते सख्ख्या बहिणीलाही सांगायचं नाही. आत काही ठेवायचं नाही, आतलं काही आणायचं नाही. एका मंत्रालयातल्या गृहस्थांनी विचारलं, ‘‘यार, एवढं कडक तर आमचं ऑफिसही नाही. मोबाइल तरी अलाउड आहे ना?’’ ती म्हणाली, ‘‘बंद करून खिशात. बिल्कुल बंद.’’ मी तिच्या मागे उभी राहून मान डोलवत होते. नियम दुसऱ्याने करावेत आणि राबवायला मला द्यावेत, हे मला फार आवडतं.

घोडं पेंड खात होतं ते खुणांपाशी. मोजणीत दर टप्प्याला एक पक्की खूण लागते, म्हणजे पुढच्या तुकडीला बरोबर तिथूनच फीत धरता येते. काका त्याला स्टेशन म्हणायचे. खडूने खूण केली तर ओल्या खडकावर ती उमटेना. कागदाचे तुकडे लगदा होऊन पडले. कॉलेजातला एक ट्रेकर म्हणाला, ‘‘आमच्याकडे गडावर ऑइल पेंटचे बाण असतात.’’ मैत्रिणीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन रविवार आलाच नाही. मी नेलपॉलिश सुचवलं. ते वर्षानुवर्षं जात नाही म्हणून तेही बाद झालं.

नुकतंच नवरात्र झालं होतं. मी पर्समध्ये रुमाल शोधत होते आणि हळदीकुंकवातून उरलेली पिंजरीची पुडी बाहेर आली. मैत्रिणीने ती उचलून हुंगली.

‘‘हे घरचं आहे का गं? हळदीचं?’’

‘‘माझ्या वहिनीने सांगलीहून पाठवलंय. बाजारचं मी वापरत नाही, कपाळाला खाज येते.’’

‘‘मग हेच लाव. हळद आणि चुना, दुसरं काय असतं त्यात? काम झालं की पाण्याने पुसून टाकू. अर्ध्या तासात गुहा होती तशी.’’

‘‘दगडाला कुंकू लावायचं?’’

‘‘दगडापेक्षा वीट मऊ,’’ ती म्हणाली. ‘‘नेलपॉलिशपेक्षा बरं.’’

माझ्या माहेरी शेताच्या बांधावर एक धोंडा आहे. त्याला कोणीतरी कधीतरी कुंकू लावलं, आणि तो कोणता देव हे कोणालाच माहीत नसताना सगळे त्याच्यापुढे पायातलं काढतात. तो धोंडा मला त्या क्षणी आठवला असं आज वाटतं. खरंच आठवला होता की नंतर मनाने मागे नेऊन बसवला, ते मला सांगता येत नाही. मी पुडी दिली एवढं खरं.

पिंजर ओल्या खडकाला छान धरली. कँटोनमेंटच्या बायकांनी ते काम आनंदाने घेतलं. छातीएवढ्या उंचीवर, रुपयाएवढा गोल ठिपका, अनामिकेने, सवयीप्रमाणे. एकीने हळूच विचारलं, ‘‘ताई, आधी हळद नको का?’’ दुसरीने ठिपका लावल्यावर नकळत हात जोडले. मैत्रीण कुजबुजली, ‘‘अहो, स्टेशन आहे ते, देव नाही.’’ न बोलण्याचा नियम तेवढा त्या दिवशी मोडला. सगळ्या तोंड दाबून हसत होत्या.

शेवटची खूण आतल्या दालनात, एका कोनाड्यात, वर निमुळत्या होत गेलेल्या दगडावर आली. त्या दिवशी मीही आत गेले होते. मैत्रिणीने लाल दिवा छताकडे वळवला. मला वाटलं होतं, ओकारी येईल. पण तिथे नुसते इवले कान होते आणि ते आमच्या श्वासाच्या दिशेने वळत होते. ती माझ्या कानाशी म्हणाली, ‘‘बघितलंस? आपण आलोय हे यांना कळलंय. तरी बसलीत बिचारी.’’ माझी किळस त्या दिवशी गेली. बाहेर येऊन मी तिला म्हटलं की तुझी जाळी बसेपर्यंत मी माणसं कमी पडू देणार नाही.

काकांनी घरी आकडे मांडले तेव्हा बोळ आणि दालन यांच्या मधलं एक माप जुळेना. परत मोजावं लागणार होतं, म्हणून खुणा तशाच ठेवल्या. मग दिवाळी आली. दिवाळीनंतर दिल्लीची हवा अशी झाली की घरातून खोकत निघायचं आणि खोकतच परतायचं. नोव्हेंबर सरता सरता आम्ही पुन्हा टेकडीवर गेलो. मैत्रीण एकटी आत गेली आणि लगेच बाहेर आली.

‘‘गारठलीत. एकमेकांना चिकटून झोपलीत. आता कोणी आत जायचं नाही. होळीपर्यंत नाही.’’

‘‘अगं, दहा मिनिटांचं काम आहे,’’ मी म्हटलं. ‘‘मोजायचं आणि पुसून टाकायचं.’’

‘‘या थंडीत एकदा जाग आली ना, तर हिवाळाभर पुरवायची चरबी ती उडण्यात संपवतात. नंतर उपाशी मरतात. दहा मिनिटांसाठी?’’

काका म्हणाले, ‘‘मॅडमचा हुकूम म्हणजे हुकूम.’’ त्यांना शिस्त पटायची. मी थोडी चरफडले, पण मलाही ते पटलं. आम्ही बूट धुतले आणि परत आलो. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी अगदी बरोबर तेच केलं होतं. मला त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

होळीनंतरच्या रविवारी मी, मैत्रीण आणि काका तिघे गेलो. टेकडीच्या खालीच झेंडूचा वास आला. गुहेच्या तोंडाशी विटांचा कट्टा होता, त्यावर लाल चुनरी, आणि बाजूला काढून ठेवलेल्या चपला. बायका गाणं म्हणत होत्या. त्यांच्यात एक म्हातारी होती. ती खालच्या वस्तीतली, सरपण गोळा करायला टेकडीवर येणारी. हिवाळ्यात पाऊस आला तेव्हा ती आडोशाला आत शिरली होती. तिला भिंतीवर कुंकवाचा ठिपका दिसला. मग पुढे दुसरा. मग तिसरा. ती काड्या पेटवत ठिपक्यांमागून बोळीतून दालनापर्यंत गेली आणि कोनाड्यात तिला तो निमुळता दगड दिसला. आमच्याकडे तिने मोठ्या प्रेमाने पाहिलं आणि सांगितलं, ‘‘माता खुद चलकर भीतर गई है. देखो ना, पग-पग पर निशान है.’’

प्रत्येक ठिपका ताज्या शेंदराने मोठा केलेला होता. खाली झेंडूचं फूल, खडकावर तेलाचे ओघळ. आमचं एकही स्टेशन चुकलं नव्हतं.

मैत्रीण म्हातारीजवळ उकिडवी बसली. ‘‘अम्मा, ये निशान हमने लगाए हैं. नापने के लिए.’’

‘‘अच्छा!’’ म्हातारीने दोन्ही हात तिच्या गालांवरून फिरवून बोटं स्वतःच्या कपाळाशी मोडली. ‘‘तो तुम्हारे हाथ से लगवाए उसने. हम तो यहीं रहते हैं, हमसे नहीं लगवाए.’’

मैत्रीण उठली आणि आत गेली. मी मागे. दालनात समई जळत होती, उदबत्तीचा धूर छताशी साचला होता. वटवाघळं एका कोपऱ्यात दाटून फडफडत होती, एक सुटून दिव्यावर येत होतं आणि परत जात होतं. तिने पाण्याची बाटली काढली, रुमाल भिजवला आणि कोनाड्यातल्या दगडापुढे गेली. मागे बायकांचं गाणं थांबलं. मी तिचं मनगट धरलं. काका दालनाच्या तोंडाशीच उभे होते. त्यांनी पायातले बूट काढून ठेवले होते, बहुतेक त्यांनाही कळलं नसेल कधी. ते हलकेच म्हणाले, ‘‘मॅडम, आता नको. हे पुसलं तर उद्या याच्या दुप्पट लागेल. आणि आज इथून खाली उतरणंही सोपं राहणार नाही.’’

ते खरंच होतं. पण मी मनगट धरलं ते तेवढ्यासाठीच नव्हे. लावलेलं कुंकू पुसायला माझा हात धजला नसता आणि तिचा पुढे झालेला मला पाहवला नसता. ते कशासाठी लावलं हे सगळ्या जगात आम्हालाच माहीत होतं, तरीही. तिने माझ्याकडे पाहिलं. मग रुमाल पिळून पिशवीत टाकला.

त्यानंतर तिने सगळं करून पाहिलं. काकांनी नकाशा सुरेख काढला होता, एका मापाची चूक कोपऱ्यात प्रामाणिकपणे लिहून. तो घेऊन ती त्याच साहेबांकडे गेली. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, ‘‘वहाँ तो अब पूजा होती है, मैडम. पूजा पर जाली लगाएँ?’’ म्हातारीला तिने विनवलं, की पूजा तोंडाशी करा, आतलं दालन तेवढं सोडा, तिथे पिल्लं होतात. म्हातारी लगेच कबूल झाली. मातेच्या घरी बाळंतपण होणार असेल तर गडबड नको, असं तिचंच म्हणणं. पण चैत्राच्या नवरात्रापर्यंत वस्तीबाहेरची मंडळी आली होती, त्यांची समिती झाली होती, जनरेटर आला होता, आणि म्हातारीला कोणी विचारत नव्हतं. बोळ अरुंद पडते म्हणून ती दोन्ही बाजूंनी फोडून रुंद केली गेली.

मंडळाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, ‘‘म्हणजे करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! चलो, मारुती तरी झाला. दिल्लीत मराठी माणसाच्या हातून एक देवस्थान उभं राहिलं.’’ सगळे हसले. काहींनी कुठे आहे म्हणून पत्ताही विचारला. मी वड्याची बशी इतक्या जोरात आपटली की चटणी त्यांच्या सदऱ्यावर उडाली. माफी मागितली नाही. अजूनही मागायची इच्छा नाही.

मैत्रिणीने मला कधी दोष दिला नाही. मीही तिला दिला नाही, आणि कोणालाच देता येत नाही हीच माझी अडचण आहे. आळशी, बेफिकीर माणसं असती तर त्यांनी ऑइल पेंटचे बाण मारले असते आणि त्या बाणांच्या मागे कोणी फुलं घेऊन गेलं नसतं. दारूच्या बाटल्या पडल्या असत्या, त्या मी चार पोरं नेऊन उचलल्या असत्या. आम्ही फार काळजी घेतली. मला ती सगळी काळजी परत घ्यावीशी वाटते.

जूनमध्ये एका संध्याकाळी तिचा फोन आला, ‘‘येतेस का?’’ पिल्लांचे दिवस होते. आम्ही ऑटो केली. टेकडीवर आता पायऱ्या होत्या, लोखंडी कठडा होता. आरती चालू होती, कर्ण्यातून आवाज खालच्या रस्त्यापर्यंत येत होता. तोंडातून ट्यूबलाइटचा पांढरा उजेड बाहेर पडत होता. ती आत गेली नाही. तोंडासमोर थोड्या अंतरावर एका खडकावर बसली. पूर्वी ती तिथेच बसायची आणि अंधार पडताना बाहेर पडणारी वटवाघळं मोजायची. आधी एक-दोन, मग धूर निघावा तशी, असं तिनेच मला सांगितलं होतं. मला ते पाहायचं कायम राहून गेलं होतं.

आरती संपली. बायका, पोरं, पुरुष प्रसाद घेऊन बाहेर येत राहिले. कोणीतरी आमच्या हातावरही साखरफुटाणे ठेवले. मग जनरेटर बंद झाला, पुजाऱ्याने गुहेच्या तोंडाला बसवलेल्या दाराला कुलूप लावलं आणि पायऱ्या उतरून तो स्कूटरवरून निघून गेला. ते कुलूप पत्र्याच्या आख्ख्या दाराला होतं. त्यातून माशीसुद्धा बाहेर आली नसती.

मी म्हटलं, ‘‘चल गं. ऑटो मिळणार नाही नंतर.’’

तिने मान वर करून बंद दाराच्या वरच्या काळ्या आभाळात पाहिलं.

‘‘थांब ना जरा,’’ ती म्हणाली. ‘‘अजून नीट अंधार कुठे झालाय.’’